चांदीचा केर

तुमच्या घरातला केर कुणाच्या मालकीचा असतो? हसू नका, विचार करून सांगा. सुपलीत भरेपर्यंत तुमचा आणि उंबऱ्याबाहेर पडला की कुणाचाच नाही, असं तुम्ही म्हणाल, कारण तुमच्या केरात केस, धूळ आणि भाजीची देठं असतात. आमच्या हुपरीच्या केरात चांदी असते. पैंजणाची कडी घासताना उडालेला कीस, तार कापताना निसटलेलं टोक, जोड आचेवर झाळताना थेंबाएवढा होऊन घरंगळलेला मणी, हे सगळं दिवसभर जमिनीवर पडत राहतं. म्हणून आमच्या गल्लीत केर बाहेर टाकत नाहीत. तो डब्यात जातो, डबा भरला की भट्टीत आटणीला जातो, आणि राखमातीतून चिमूटभर का होईना, चांदी परत येते. लहानपणी पहिल्यांदा कोल्हापुरात मावशीकडे राहायला गेले तेव्हा तिनं घरचा केर सरळ घंटागाडीत ओतलेला बघून मी भोकाड पसरलं होतं. मावशी अजून लग्नकार्यात ते सांगून चारचौघांना हसवते.

माझे आप्पा कोल्हापुरात एका छापखान्यात होते. सकाळच्या एसटीनं जायचे आणि दिवेलागणीला शाईचा वास घेऊन परत यायचे. पोटासाठी ते लग्नपत्रिका छापायचे आणि जिवासाठी पत्रकं. शिरोली एमआयडीसीत भट्टीवर काम करणाऱ्यांना गॉगल मिळावेत म्हणून पत्रक, गावच्या गटारावर झाकण टाका म्हणून पत्रक, शाळेत मुलींना संडास बांधा म्हणून पत्रक. उरलेल्या गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावर ती निघायची आणि घरभर पसरायची. माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांचं, डब्यातल्या चटणीखाली कागद पत्रकाचा, आणि मी वाचलेलं आयुष्यातलं पहिलं वाक्य ‘बंधूंनो आणि भगिनींनो, आता गप्प बसू नका!’ हे. माझं नाव क्रांती ठेवलेलं. त्यामुळे आमच्याकडे “क्रांती, भाकरी करपली बघ” आणि “क्रांती अजून अंथरुणातच हाय काय?” अशी वाक्यं रोज कानावर पडायची आणि शेजारची माणसं दात काढायची.

आई दारालगत पाटावर बसून पैंजणाच्या कड्या जोडायची. तिच्या चिमट्याचा टिकटिक आवाज आमच्या घरात घड्याळासारखा चालू असायचा. आप्पा जेवणाआधी नव्या पत्रकाचा मजकूर मोठ्यानं वाचायचे आणि मधेच टिकटिक थांबली की आम्हाला कळायचं, आईला काहीतरी खटकलंय. “वाक्य लई लांब झालंय,” ती म्हणायची, “वाचणाऱ्यानं श्वास कुठं घ्यायचा?” आप्पा कपाळाला आठ्या घालायचे, पण बरोबर तिथंच वाक्य तोडायचे. आईची शाळा चौथीत सुटली होती. तरी आमच्या घरची संपादक तीच.

आप्पांच्या सगळ्या पत्रकांत मला तोंडपाठ असलेलं एकच, ‘केर कुणाचा?’ मी पाळण्यात असताना आई एका व्यापाऱ्याच्या शेडात कामाला जात होती. एका संध्याकाळी त्याचा माल वजनात कमी भरला. दारात आईला अडवून सगळ्यांसमोर पदर झटकायला लावला. पदराच्या गाठीत झाडलेला केर निघाला, मूठभर. तो तिनं नेहमीसारखा आटणीला ठेवलेला. व्यापारी तिला चोर म्हणाला. दुसऱ्या दिवशी आप्पांचं पत्रक गल्लीत वाटलं गेलं, बायकांनी काम बंद ठेवलं, आणि शेवटी ठरलं की शेडात जी झाडेल, केर तिचा. पत्रकाची शेवटची ओळ होती: ‘जिची केरसुणी, तिचा केर!’ दुसऱ्या मुलींनी बडबडगीतं म्हटली असतील, मी हे म्हणत वाढले. हा आमच्या घरचा विजय होता आणि विजयाची दुसरी बाजू असते, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं मीही चिमटा हातात धरला, कॉलेज केलं, आणि आप्पांच्या वरताण पत्रकं लिहायला लागले. अशात एका संस्थेनं चांदीकाम करणाऱ्या मुलींना परदेशातल्या कारागिरांकडे नऊ महिने राहून शिकायला पाठवायचं काढलं, आणि माझं नाव लागलं. पोर्तुगालच्या उत्तरेकडचं एक लहान गाव. निघताना कोल्हापूरच्या स्टँडवर आप्पा म्हणाले, “जा. पण तिथं गप्प बसू नको.” आईनं पिशवीत दोन स्टीलचे डबे कोंबले, एकात कांदा-लसणाची चटणी, दुसऱ्यात शेंगदाण्याचे लाडू, आणि म्हणाली, “जा. पण तिथं जरा गप बस. बरं, मी जातो आता, बस भरंल.” आमच्याकडे बायका ‘मी जातो’ असंच म्हणतात. पुण्याच्या मैत्रिणी त्यावर हसतात, आम्ही त्यांच्यावर हसतो. दोन्ही डब्यांच्या झाकणावर मशीननं कोरलेलं होतं, ‘सौ. मालन’. आईच्या लग्नातले डबे ते.

एकोणतिसाव्या वर्षी आत्मकथन कसलं लिहितेस, असं मला विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना सांगते, त्या नऊ महिन्यांतले पहिले तीन आठवडे मी अजून दहा वर्षांनी लिहायला बसले तर ते गुळगुळीत होतील. मला आवडणारे दिवस त्याच तीन आठवड्यांतले आहेत. त्यातला एक दिवस लाजेचा आहे, आणि तो काढून टाकला तर बाकीचे आवडायचं कारणच उरत नाही.

कारखाना म्हणजे एक दगडी खोली होती, त्यावर माझी खोली. मालकीण ओलिंडाबाई सत्तरी ओलांडलेल्या, काळा स्वेटर, बोटं माझ्या आईसारखी, टोकाला भाजून कडक झालेली. ती बोटं बघितली आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली. कामाला झुल्मिरा, आईच्या वयाची, जाड भिंगाचा चष्मा. आणि ओलिंडाबाईंचा पुतण्या पाउलू, जो तराजू सांभाळायचा आणि इंग्रजी बोलायचा. पहिल्या संध्याकाळी ओलिंडाबाईंनी त्याच्याकरवी माझ्या नावाचा अर्थ विचारला. त्यानं सांगितल्यावर त्या खुदकन हसल्या. “आमच्या तरुणपणी इथंही एक झाली होती,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी बेकरी बंद होती, एवढं मला पक्कं आठवतं.”

तिथलं काम म्हणजे केसाएवढ्या दोन तारा एकमेकींत पिळायच्या, दाबून चपट्या करायच्या, आणि त्यांच्या वेलांट्या करून चौकटीत बसवायच्या. फुंकर मारली तर उडून जाईल अशी नक्षी. आमच्या हुपरीचा हात पैंजण-तोड्यांना सवकलेला. पहिले चार दिवस माझी प्रत्येक वेलांटी जिलबीसारखी होत होती. झुल्मिरा काही न बोलता ती उचलायची, उजेडात धरायची, आणि परत माझ्यासमोर टाकायची. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. पण तिचा स्वर आमच्या गल्लीतलाच होता. त्यामुळे ती काय म्हणत असेल ते मी मनात आमच्या बोलीत करून घेत असे, नंतर भाषा समजायला लागल्यावरही ती सवय गेली नाही, आणि इथंही तिचं बोलणं तसंच लिहिते. “ह्ये वेलांटी हाय का गांडूळ?” असं ती म्हणाली असणार, यात मला आजही शंका नाही.

आवडता पहिला दिवस बाजाराचा. झुल्मिरानं मला बुधवारी भाजी आणायला सोबत नेलं. मी मुक्यासारखी बोट दाखवत होते. एका टोपलीसमोर सवयीनं तोंडातून निघून गेलं, “बटाटा.” भाजीवाल्यानं मुकाट बटाटे भरले. मी चमकले. मग घाबरत “कोबी” म्हटलं, तर त्यानं गड्डा उचलला. झुल्मिरा माझ्याकडे बघतच राहिली. परत येताना मी रस्ताभर एकेक शब्द तिच्यावर फेकत होते, साबण, चावी, पाव, आणि ती निम्म्याला मान डोलवत होती, निम्म्याला हसत होती. आमची भाषा पोर्तुगीजांचे किती शब्द पोटात घेऊन बसलीय, याचा अभिमान आणि त्या लोकांनी आमच्या किनाऱ्यावर काय काय केलं याचा राग, दोन्ही घेऊन मी जिना चढले. रात्रीच्या जेवणात त्याच कोबीसारख्या गडद पाल्याचं आणि बटाट्याचं सूप होतं, सोबत मक्याचा जाड, तडे गेलेला पाव. पावाचा तुकडा मोडला आणि मक्याच्या भाकरीचा वास आला. मी चटणीचा डबा काढला नाही. वाटलं, ही एवढ्यात संपवायची नाही.

लाडू मात्र तिसऱ्याच दिवशी संपले होते. सगळ्यांना वाटले. आणि रिकाम्या डब्याला लगेच काम मिळालं. आमच्याकडे रीत अशी की सकाळी झाडल्याशिवाय दिवा किंवा गॅस पेटवायचा नाही, आणि घरात वयानं सगळ्यात धाकटी जी बाई, तिनं झाडायचं. माझ्याकडे खालच्या खोलीची चावी होती. कुणी यायच्या आत, खिडकीतून करडा उजेड येत असताना मी खाली उतरायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यातून झाडायचे. केर सुपलीतून डब्यात, डबा माझ्या पलंगाखाली. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही. जिची केरसुणी, तिचा केर. परक्या देशात मी रोज सकाळी आईसारखी कंबर वाकवत होते, त्या थंड फरशीवर मला पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं, आणि या सकाळी मी आवडत्या दिवसांत धरते. पुढं जे झालं त्यानंतरही धरते.

झुल्मिरा दर शनिवारी दुपारी आठवड्याचा केर झाडायची. तो एका पत्र्याच्या पेटीत जायचा, पाउलू त्याचं वजन करायचा आणि वर्षातून एकदा तो गाळायला पाठवायचे. हे मला माहीत नव्हतं. पहिल्या शनिवारी मी बाजारात होते, दुसऱ्या शनिवारी खोलीत झोपले होते. तिसऱ्या शनिवारी मी मोरीपाशी हात धूत होते तेव्हा पाउलूनं पेटी तराजूवर ठेवली, परत ठेवली, आणि झुल्मिराला काहीतरी विचारलं. ती उत्तरली. त्यानं परत विचारलं, आवाज बारीक करून. आवाज असा बारीक झाला की प्रश्न कसला आहे हे कुठल्याही भाषेत कळतं. तीन आठवडे केर जवळजवळ नव्हताच, आणि झाडणारी एकटी ती. झुल्मिरानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आपल्या एप्रनचे दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल, खोकल्याची गोळी, केसांची एक पिन. पिन फरशीवर पडून टणटणली.

मला त्या क्षणी सगळं कळलं. डबा माझ्या पलंगाखाली होता, माझ्या डोक्यापासून दहा पायऱ्या वर. मी नळ बंद केला. ओल्या हातानं तिथंच उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. झुल्मिरानं एप्रन खुंटीला न लावता घडी करून पिशवीत घातला आणि गेली. ओलिंडाबाई बहिणीकडे गेल्या होत्या. पाउलू मला इंग्रजीत म्हणाला, “सोमवारी आत्या आल्या की त्याच ठरवतील. वीस वर्षं आहे ही बाई इथं. वाईट वाटतं.”

गप्प बसू नको, असं ज्या घरात पत्रकावर छापून आलं त्याच घरातली मुलगी रविवारभर गप्प बसली. नुसती बसली नाही, तिनं वही काढली आणि पत्रक लिहायला घेतलं. ‘केर झाडणाऱ्या हातांचा हक्क’ असा मथळा. श्रमाचं मोल, मालकांची संकुचित वृत्ती, जगभरच्या कामगार भगिनी, सगळं त्यात होतं. झुल्मिराचं नाव नव्हतं. ती वही माझ्याकडे अजून आहे. आपण फार तेजस्वी लिहितो असं कधी वाटायला लागलं की मी ती काढून वाचते.

सोमवारी झुल्मिरा आली. हातात अर्धवट राहिलेलं काम होतं, ते टाकून जाण्यातली ती नव्हती.  दुपारच्या सुट्टीत मी वर जाऊन घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. आईनं फोन पिठाच्या डब्याला टेकवला होता आणि तिचे हात कड्या जोडत होते. मागं आप्पा पेपर वाचत होते.

“जेवलीस काय?” आई म्हणाली.

“आई, माझ्यामुळं एका बाईवर चोरीचा आळ आलाय.”

टिकटिक थांबली. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मला जोर चढला. इथं झाडणारीला हक्कच नाही, हीच मुळात चूक आहे, मी त्यावर पत्रक लिहिते आहे, पाउलूला त्याचं भाषांतर करायला लावणार आहे.

“कशाचं पत्रक?”

“केराच्या हक्काचं.”

“हक्काचं मागनं बघू. त्या बाईचं नाव काय?”

“झुल्मिरा.”

“डबा तुझ्याकडं हाय, ह्ये तिला म्हाईत हाय?”

“नाही.”

“शनवारपास्नं? आज सोमवार की गं.”

 आईनं चिमटा खाली ठेवला. तो तिनं खाली ठेवलेला मी क्वचित बघितला आहे.

“तुला एक सांगतो,” ती म्हणाली. “माझ्या येळंला त्या व्यापाऱ्याचा माल कमी भरला हुता, त्यो केरापायी न्हवं. तोड्याचा एक जोड कपाटामागं पडलेला. आठ दिसांनी त्याला घावला. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, हळदीकुंकवाच्या दिवशी. तवर चार वर्सं झालती. चार वर्सं मी गल्लीत चोरच हुतो की.”

“पण पत्रक? आप्पांनी तर…”

“पत्रकानं केर मिळाला. मालन चोर न्हवं, असं कुठं छापलंतं? त्या माणसानं घावल्यावर माझ्या दारात येऊन येवढंच म्हणायचं हुतं, ‘घावलं.’ येकच शब्द. न्हाय आला.”

मागं आप्पांच्या हातातला पेपर खाली आला होता. त्यांनी चष्मा काढला होता आणि ते आईच्या पाठीकडे बघत होते. 

“आता डबा उचल,” आई म्हणाली. “आन् सगळ्यांच्या म्होरं जा. तिला कोपऱ्यात गाठून सांगू नको. आळ काय कोपऱ्यात आला न्हवता.”

मी खाली आले तेव्हा तिघंही टेबलाशी होती. ओलिंडाबाई नुकत्याच आल्या होत्या, अंगावर बाहेरचा कोट तसाच. पाउलू बोलत होता आणि झुल्मिरा खिडकीकडे बघत होती. फोनमधून मी त्यांच्या भाषेतली चार शुद्ध वाक्यं काढून पाठ केली होती. ती एकही आली नाही. डबा टेबलावर ठेवला आणि तोंडातून निघालं ते असं: “मी. केर. रोज सकाळी. झुल्मिरा नाही. मी.”

पाउलूनं झाकण उघडलं. आत करड्या धुळीत चांदी चमकत होती. तो हळू म्हणाला, “याला आम्ही चोरी म्हणतो.”

“आम्ही म्हणत नाही,” मी इंग्रजीत म्हणाले. माझा आवाज चिरकत होता. “आमच्याकडे जी झाडते तिचा केर असतो. पण हे घर तुमचं आहे, मी विचारायला हवं होतं. आणि शनिवारी मी इथं उभी होते, मला सगळं कळलं होतं, तरी मी बोलले नाही. ते आमच्याकडेही पाप आहे. मला परत पाठवायचं तर पाठवा. तिला काही म्हणू नका.”

पाउलूनं ते भाषांतर केलं. ओलिंडाबाईंनी झाकण हातात घेऊन त्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवलं आणि हे काय लिहिलंय असं विचारलं. मी म्हटलं, आईचं नाव. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे चोरीचा माल तू आईच्या नावाच्या डब्यात ठेवलास?” त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या, कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. “असा चोर पन्नास वर्षांत पाहिला नाही, बाई.”  

झुल्मिरा हसली नाही. तिनं पाउलूकरवी विचारलं, “शनवारी मी खिसं उलटं केलं, तवा तू कुठं हुतीस?”

“मोरीपाशी.”

“दिसत हुतं?”

“हो.”

 मी हात जोडले, तिथं कुणी जोडत नाही हे माहीत असूनही, आणि माफी मागायचा त्यांचा शब्द तीनदा म्हटला. तिनं मान हलवली, होय अशी नाही आणि नाही अशीही नाही. मग पाउलूकडे वळली. “आता तू.”

पाउलूचे कान लाल झाले. तो काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं,” झुल्मिरा म्हणाली. “शनवारी मी खिसं हिच्या म्होरंच उलटं केलं न्हवं?”

तो उभा राहून मोठ्यानं बोलला. ओलिंडाबाईंनी डबा पत्र्याच्या पेटीत रिकामा केला, स्वतः नळाखाली धुतला आणि मला परत दिला. मला तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण संकट टळलंय हे कळताच जीभ सुटली आणि मी झाडणाऱ्यांच्या हक्काचं काढलं. ओलिंडाबाईंनी पाउलूचं भाषांतर अर्ध्यात थांबवलं. “ती क्रांती पुढच्या आठवड्यात,” त्या म्हणाल्या. “आज सूप गार होतंय.”

माझा सगळ्यात आवडता दिवस याच्या पुढचा, मंगळवार. काहीही झालं नाही त्या दिवशी. सकाळी खाली उतरले तर झुल्मिरा आधीच आली होती, एप्रन खुंटीवर होता आणि दारापाशी दोन केरसुण्या टेकवलेल्या होत्या. आम्ही दोघींनी दोन टोकांकडून झाडत आणलं, मधोमध एकच ढीग झाला, तो पेटीत गेला.  दुपारी तिनं माझी एक वेलांटी उचलून उजेडात धरली, आणि परत टाकली नाही. सरळ चौकटीत बसवली. जेवताना मी चटणीचा डबा काढला. तिनं बोटाच्या टोकावर घेतली, जिभेला लावली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, अर्धा तांब्या पाणी प्याली. “ह्ये तुम्ही जित्या माणसांना घालता?” म्हणाली आणि मक्याच्या पावाला लावून आणखी घेतली. दारातून ऊन फरशीवर आलं होतं. छातीवरचा दगड उतरणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. दगड वर होता तेव्हाही मी जेवत होते, झोपत होते, लिहीत होते, याचंच मला नवल वाटत राहिलं.

घरी फोन केला. “सांगितलंस?” आईनं विचारलं. “सगळ्यांच्या म्होरं?” मी हो म्हटल्यावर म्हणाली, “मग जेव आता पोटभर.” आणि टिकटिक सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी मला एका पत्रकाचा फोटो पाठवला. गुलाबी कागद, नेहमीसारखा. त्यांनी ते आमच्या गल्लीत घरोघर स्वतः वाटलं होतं, त्या व्यापाऱ्याच्या दारातही. आयुष्यातलं त्यांचं सगळ्यात लहान पत्रक. ‘मालन चोर नव्हती. तोडे कपाटामागे सापडले होते. हे मी आधी विचारायला आणि छापायला हवे होते.’ खाली नाव. मी आईला विचारलं, तू वाचलंस का?

“मलाच दावलं की आदी,” ती म्हणाली. “म्हटलं, आता कुठं वाक्य नीट जमलं बघा. मधी श्वास घ्यावा लागत न्हाय.” 

हे मी आता कोल्हापुरात, आप्पांच्या जुन्या छापखान्याच्या गल्लीत बसून लिहिते आहे. डबा समोर आहे, त्यात पिना आणि पेनं असतात. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला शेवटी आवाहन केल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा ते ऐकून घ्या. तुमच्याही घरात कधीतरी काही हरवलं असेल, एखादी अंगठी, कानातलं, चांदीचा चमचा. तेव्हा तुमच्या मनात एक नाव आलं असेल, बहुतेक झाडणाऱ्या बाईचंच. तुम्ही ते बोलला असाल, किंवा नुसतं तिच्या पिशवीकडे बघितलं असेल, तेवढंही पुरतं. मग ती वस्तू उशीच्या अभ्र्यात, कपाटामागं, दुसऱ्या पर्समध्ये सापडली. तुम्ही सुस्कारा सोडला आणि विषय संपला. तुमचा संपला. तिला कुणी सांगितलं? हे पुस्तक इथं पालथं घाला आणि तिच्याकडे जा. काम सोडून गेली असेल तर पत्ता काढा. चारचौघांत बोलला होतात तर चारचौघांत उभे राहा. भाषण नको, कारणं नकोत. ‘सापडलं’ एवढं म्हणा, आणि ती जे बोलेल ते मान खाली घालून ऐकून या.